नळीची लांबी आणि छर्ऱ्यांचा पसारा: दुनळीपासून फोर-टेनच्या रिव्हॉल्व्हरपर्यंत

शेतीसंरक्षणाचा परवाना असलेल्या कोकणातल्या घरांत एक समज पिढ्यानपिढ्या चालत आलाय. नळी जितकी लांब, तितके छर्रे एकवट राहतात आणि लांबवर पोचतात. राजापूरपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही परवानाधारकाला विचारा, दहातले आठ जण हेच सांगतील. आता त्यात मोबाईलवरच्या व्हिडिओंची भर पडलीय. अमेरिकेत शॉटगनचं फोर-टेन काडतूस उडवणारे रिव्हॉल्व्हर मिळतात. त्यांच्या आखूड नळीतून छर्रे किती पसरतात ते लोक पाहतात आणि विचारतात, "तीन इंचीऐवजी सहा इंची नळी घेतली तर पसारा निम्मा होईल ना?"

माझं उत्तर आहे, नाही. छर्रे किती पसरणार हे मुख्यतः तीन गोष्टी ठरवतात: नळीच्या तोंडाशी असलेला चोक (म्हणजे आतून आवळलेला भाग), आत घातलेलं काडतूस, आणि नळी आतून गुळगुळीत आहे की आट्यांची, म्हणजे पीळदार खाचांची. लांबीचा नंबर त्यांच्या मागून लागतो, आणि रिव्हॉल्व्हरमध्ये तर ती कधीकधी उलटंही काम करते. हे कसं होतं ते आधी समजून घेऊ. मग स्वतःची परवान्याची बंदूक कागदावर कशी तपासायची ते क्रमाने पाहू.

समज आला कुठून

ठासणीच्या बंदुकीतून. काळी दारू सावकाश जळते. ती पूर्ण जळून छर्ऱ्यांना ढकलायला खरोखरच लांब नळी लागायची, म्हणून जुन्या केपाच्या बंदुका माणसाच्या खांद्याएवढ्या उंच असत. लांब नळी लांब मारते, हे त्या काळात खरं होतं. आजच्या बारा बोअर काडतुसातली बिनधुराची दारू वेगळी. तिचा सर्वांत जास्त दाब पहिल्या एक-दोन इंचांतच येतो आणि बहुतेक काम नळीच्या पहिल्या निम्म्या भागात उरकतं. त्यापुढे नळीचा एक इंच कमी-जास्त झाला तर वेगात सेकंदाला साधारण ५ ते १० फुटांचा फरक पडतो. मूळ वेग सेकंदाला बाराशे फुटांच्या आसपास असतो. म्हणजे ३० इंची नळीऐवजी २६ इंची नळी घेतली, तरी समोरच्या पाटीला (नेमासाठी उडवलेल्या मातीच्या चकतीला) तो फरक कळणारही नाही.

समज टिकून राहायला आणखी एक कारण आहे. पूर्वी ३० आणि ३२ इंची नळ्या बहुधा फुल चोकच्या बनत आणि आखूड नळ्या मोकळ्या तोंडाच्या. लांब नळीचा मारा एकवट दिसायचा तो चोकमुळे, श्रेय मात्र लांबीला मिळालं. नळी कापली की पसारा वाढतो, हे लोकांनी पाहिलेलं असतं आणि ते खरंच आहे. पण चोक नळीच्या शेवटच्या एक-दोन इंचांतच असतो. कापणाऱ्याने लांबीबरोबर चोकही काढून टाकलेला असतो. इथेच स्पष्ट सांगतो, परवानगीशिवाय नळी आखूड करणं हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ चा भंग आहे. गावातल्या लोहाराकडून किंवा लेथवर हे काम करून घेणाऱ्याचा परवाना जातो आणि फौजदारी खटला मागे लागतो. प्रयोग म्हणूनसुद्धा हे करू नका.

लांब नळीचे खरे फायदे वेगळे आहेत. माशी (नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी) डोळ्यापासून लांब राहते, त्यामुळे नेमातली चूक लवकर दिसते. बंदुकीचं तोंड जड असल्याने उडत्या पाटीमागे ती सलग फिरते, मध्येच अडखळत नाही. आवाज कानापासून थोडा लांब जातो. या गोष्टींसाठी लांब नळी घ्या. पसाऱ्यासाठी घेऊ नका.

चोकची भाषा

बारा बोअर नळीचा आतला व्यास ०.७२९ इंच, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. फुल चोकमध्ये तोंडाशी तो सुमारे ०.०४ इंचाने, म्हणजे एक मिलिमीटरने कमी केलेला असतो. हाफ चोकमध्ये त्याच्या निम्म्याने. एवढ्याशा आवळण्याने केवढा फरक पडतो, हे मोजायची पद्धत जगभर ठरलेली आहे: ४० यार्डांवर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, ३० इंची (७६ सेंटिमीटर) वर्तुळात काडतुसातले किती टक्के छर्रे बसतात. चोक नसलेल्या सिलिंडर नळीतून साधारण ४०, किंचित आवळलेल्या इम्प्रूव्ह्ड सिलिंडरमधून ५०, हाफमधून ६०, फुलमधून ७०.

बऱ्याच बंदुकांच्या नळीवर, कुंद्याजवळच्या सपाट भागावर, तारे कोरलेले असतात. एक तारा म्हणजे फुल, दोन म्हणजे तीन-चतुर्थांश, तीन म्हणजे हाफ, चार म्हणजे पाव. सीएल असेल तर नळी मोकळी. दुनळीत सहसा उजवी नळी मोकळी आणि डावी आवळलेली असते. पण खूण पाहून थांबू नका. जुन्या नळ्या घासलेल्या असतात, कुणी कधी आतून खरवडलेल्या असतात. खूण कोरली गेली तेव्हा जे खरं होतं ते आज आहे की नाही, ते कागदच सांगतो.

रिव्हॉल्व्हरमध्ये काय घडतं

हा भाग नीट वाचा, कारण यावरच सर्वांत जास्त चुकीचं बोललं जातं.

फोर-टेन हे बोअर (नळीच्या व्यासाच्या शिशाच्या किती गोळ्या एका पौंडात बसतात तो आकडा) नसून सरळ व्यासाचं माप आहे: ०.४१० इंच, साधारण साडेदहा मिलिमीटर. अडीच इंची फोर-टेन काडतुसात अर्धा औंस, म्हणजे १४ ग्रॅम छर्रे असतात. बारा बोअरमध्ये एक औंसापेक्षा जास्त असतात. म्हणजे सुरुवातीलाच निम्म्याहून कमी माल. सहा नंबरच्या छर्ऱ्यांत (नंबर जितका मोठा, तितका छर्रा बारीक) बोलायचं तर १३५ विरुद्ध तीनशेच्या घरात. मारा विरळ दिसण्याचं पहिलं कारण हेच, आणि त्यावर कुठल्याही लांबीचा इलाज नाही.

टॉरस कंपनीचा 'जज' २००६ च्या सुमारास आणि स्मिथ अँड वेसनचा 'गव्हर्नर' २०११ मध्ये बाजारात आला. दोन्ही रिव्हॉल्व्हर .४५ कोल्टची गोळीही उडवतात आणि फोर-टेनचं काडतूसही. म्हणून नळी .४५ च्या मापाची, म्हणजे फोर-टेनच्या वाडपेक्षा (दारू आणि छर्रे यांच्यामधल्या प्लॅस्टिकच्या बुचापेक्षा) सैल. छर्रे आणि वाड सिलिंडरमधून (काडतुसं धरणाऱ्या फिरत्या चक्रातून) निघून, सिलिंडर आणि नळी यांच्यामधली फट ओलांडून नळीत शिरतात. त्या फटीतून वायू बाहेर निसटतो. नळीतही वाडच्या कडेने थोडा निसटतो. वेग कमी पडायला एवढं पुरेसं आहे, आणि वर नळीही आखूड.

पण पसाऱ्याचं मोठं कारण म्हणजे आट्या. अमेरिकेच्या १९३४ च्या कायद्यानुसार गुळगुळीत नळीचं, शॉटगनचं काडतूस उडवणारं हातातलं शस्त्र वेगळ्या नोंदणीत जातं. साधं हँडगन म्हणून विकायचं तर नळीत आट्या हव्यातच. गोळीसाठी आट्या उत्तम, छर्ऱ्यांसाठी घातक. आट्या प्लॅस्टिकच्या वाडला पकडून फिरवतात, वाड छर्ऱ्यांना फिरवते. तोंडातून बाहेर पडताच छर्ऱ्यांना आवर घालायला काही उरत नाही आणि फिरकीमुळे ते बाहेरच्या बाजूला उडतात. पिळून गरगर फिरवलेल्या ओल्या पंचाचे थेंब जसे कडेकडेने उडतात, तसं. कागदावर मध्ये रिकामी जागा आणि भोवती कडं दिसतं ते यामुळे.

आता लांबीचा हिशेब. नळी लांब झाली की वेग वाढतो, आणि पीळ तोच असल्याने फिरकीही त्याच प्रमाणात वाढते. छर्रा बाजूला जाण्याचा वेग आणि पुढे जाण्याचा वेग यांचं गुणोत्तर त्यामुळे बदलत नाही. ते फक्त दोन गोष्टींवर ठरतं: छर्रा नळीच्या मध्यापासून किती लांब आहे, आणि आट्यांचा एक पूर्ण फेरा किती इंचांत होतो. मध्यापासूनचं अंतर गुणिले ६.२८, भागिले एका फेऱ्याची लांबी. मध्यापासून साडेचार मिलिमीटरवरचा छर्रा आणि १२ इंचांत (३०५ मिलिमीटर) एक फेरा, असं धरलं तर उत्तर येतं ०.०९३. म्हणजे पाच मीटरवर तो छर्रा मध्यापासून ४६ सेंटिमीटर बाजूला. १६ इंचांत एक फेरा असेल तर ३५ सेंटिमीटर. प्रत्यक्षात छर्रे वाडबरोबर पूर्णपणे फिरत नाहीत, घसरतात, म्हणून पसारा याहून कमी येतो. पण बघा, या हिशेबात नळीची लांबी कुठेच नाही.

मग लांबीचा परिणाम होतो कुठे? दोन ठिकाणी, आणि दोन्ही एकमेकांविरुद्ध ओढतात. नळी अगदी आखूड असेल तर छर्रे तोंडातून निघताना मागचा वायूचा दाब अजून जबर असतो. तो वाडला मागून धक्का देऊन छर्ऱ्यांच्या ढिगात घुसवतो आणि ढीग विस्कटतो. नळी लांबली की हा दाब उतरतो, एवढा फायदा खरा. पण लांब नळीत छर्ऱ्यांना वाडच्या फिरकीशी जुळवून घ्यायला वेळ मिळतो, त्यांची घसरण कमी होते, फिरकी पुरी चढते आणि कडं आणखी मोठं होतं. कुठली बाजू जिंकेल ते पिळावर, वाडच्या जातीवर आणि छर्ऱ्यांच्या आकारावर ठरतं. म्हणूनच साडेसहा इंची 'जज' तीन इंची 'जज'पेक्षा नेहमीच एकवट मारेल, असं कुणी छातीठोकपणे सांगू नये.

फिरकी हेच दुखणं आहे, याचा उत्तम पुरावा थॉम्पसन-सेंटरच्या 'कंटेंडर' या एकबारी पिस्तुलात सापडतो. त्याच्या .४५/.४१० नळीच्या तोंडाला काढता-घालता येणारा चोक असतो आणि त्या चोकमध्ये सरळ, पीळ नसलेल्या खाचा असतात. वाड आट्यांतून फिरत येते आणि या सरळ खाचांत तिची फिरकी थांबवली जाते. बनवणाऱ्यांनी लांबी वाढवली नाही, फिरकी मारली. गोळी उडवायची तर तो चोक आधी काढून ठेवायचा असतो.

मापाची एक गफलतही इथेच सांगायला हवी. शॉटगनची नळी मोजताना काडतूस बसतं तो भागही धरतात. रिव्हॉल्व्हरची नळी मोजताना सिलिंडर धरत नाहीत. तीन इंची रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये जवळपास तेवढीच लांबी आणखी असते. त्यामुळे व्हिडिओतल्या तीन इंचांची तुलना आपल्या तीस इंचांशी करताना दोन्ही आकडे एकाच पट्टीचे नाहीत, हे ध्यानात ठेवा.

आपल्याकडे असे रिव्हॉल्व्हर सामान्य परवानाधारकाला मिळत नाहीत. परदेशी शस्त्रांची खुली आयात कित्येक दशकं बंद आहे. भारतात फोर-टेन म्हटलं की जुन्या लोकांना ईशापूरच्या कारखान्याची पोलिसी मस्केट आठवते, ली-एनफिल्ड रायफलीवरून बदललेली. तिचं काडतूस वेगळं होतं, ते या शॉटगनच्या फोर-टेनशी अदलाबदल करण्यासारखं नाही. ज्यांचे भाऊ-पुतणे अमेरिकेत आहेत आणि तिथे रेंजवर जातात, त्यांच्यासाठी सांगतो, कॅलिफोर्नियात ही रिव्हॉल्व्हर आखूड शॉटगनमध्ये मोडतात आणि बाळगता येत नाहीत. तेव्हा आधी राज्याचा कायदा बघायला सांगा.

कागदाच्या चाचणीआधी

आता आपल्या दुनळीकडे किंवा एकनळीकडे वळू. चाचणीसाठी पहिली पसंती रायफल क्लबची शॉटगन रेंज. ती जवळ नसेल तर परवान्यावरच्या अटी वाचा. शेतीसंरक्षणाच्या परवान्यात क्षेत्र आणि कारण लिहिलेलं असतं, आणि त्याबाहेर बार काढणं अटीचा भंग ठरू शकतं. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या, होकार घ्या, मगच पुढे जा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर निष्काळजीपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. शेजारच्या वाडीतून तक्रार गेल्यावर अर्जाची पोचच तुमच्या बाजूने उभी राहते.

जागा निवडताना छर्रा किती लांब जातो याचा अंदाज हवा. एक सोपा ठोकताळा आहे: छर्ऱ्याचा व्यास इंचांत घ्या आणि त्याला २२०० ने गुणा, कमाल पल्ला यार्डांत मिळतो. सहा नंबरचा छर्रा (२.६ मिलिमीटर) सुमारे २०५ मीटर जातो. त्याहून जाड बीबी सव्वातीनशे मीटर. आणखी जाड छर्ऱ्यांपैकी एसजी साडेसहाशे मीटरच्या वर आणि एलजी सातशेच्या वर. कोकणात घरं झाडीत लपलेली असतात, पायवाटा कुठूनही निघतात, आणि बागेत राखणीला राहिलेली माणसं, बहुतेक वेळा नेपाळहून आलेली, आंब्याच्या कुठल्या कलमाखाली बसली असतील ते दिसत नाही. म्हणून चाचणीला सहा किंवा सात नंबरच वापरा. एसजी-एलजी वापरूच नका. तरीही पुढे तीनशे मीटर मोकळे ठेवा, आणि प्रत्येक बाराआधी मोठ्याने हाळी द्या.

पाठीला माती हवी. हे कोकणात जास्तच सांगावं लागतं, कारण इथे जिकडेतिकडे जांभा. चिऱ्याची बंद पडलेली खाण चाचणीला सुरक्षित वाटते, तीन बाजूंनी भिंत, कुणी येत नाही. पण शिशाचे छर्रे कडक जांभ्यावरून उलटे येतात. गडग्याचंही (दगडी कुंपणाचंही) तेच, आणि सड्यावर (उघड्या कातळावर) तर ते जमिनीवरून टप्पा घेऊन पुढे जातात. भात कापून झालेल्या कुणग्याची (भातखाचराची) उंच मातीची मेर, म्हणजे बांध, किंवा डोंगराच्या उताराची मऊ दरड, ही योग्य पाठ. विहीर, पऱ्ह्या (ओहोळ), खाडी आणि गुरांची चरायची जागा यांच्या दिशेने तोंड नको. शिसं मातीत आणि पाण्यात वर्षानुवर्षं राहतं. शेवटी वाड आणि काडतुसांची टरफलं वेचून न्या.

डोळ्यांना चष्मा, कानांना बोळे किंवा मफ्स. मागे उभ्या राहणाऱ्यालाही.

वेळ सकाळची. दिवस वर आला की समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि कागद शिडासारखा फुगतो. पहाटेचा मतलई (जमिनीकडून समुद्राकडे जाणारा) वारा उतरल्यावर आणि खारा सुटायच्या आधी जो निवांत वेळ मिळतो, तो धरा. महिने म्हणाल तर भात झोडून झाल्यावर, आंब्याच्या फवारण्या आणि माणसांची वर्दळ वाढायच्या आत.

चाचणी, क्रमाने

बंदूक सांध्याशी उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपा. आत उजेडाकडे धरून बघा. खाऱ्या हवेने पडलेले खड्डे, कोळ्याचं जाळं किंवा कुंभारमाशीचं घर असेल तर आज बार नाही. पावसाळ्यानंतर नळीत माती सापडणं नेहमीचंच आहे, आणि अडलेली नळी फुटते.

बंदूक बंद करा, लाकडी काठी तोंडातून अलगद मागच्या टोकापर्यंत घाला, तोंडाशी खूण करा, काढून मोजा. ही तुमच्या नळीची खरी लांबी. वहीत लिहा. शेजारी चोकची खूण, काडतुसाचा ब्रँड, छर्ऱ्यांचा नंबर, वजन, आणि पेटीवर दिसला तर बॅच क्रमांक.

कागद किमान १.२ मीटर लांब-रुंद हवा. छापील वर्तमानपत्रावर भोकं दिसत नाहीत, म्हणून छापखान्यातून कोरा न्यूजप्रिंट किंवा ब्राउन पेपर आणा आणि पट्टे खळीने जोडा. बांबूची चौकट करा, मागे आंब्याच्या पेट्यांचा पुठ्ठा बांधा. मध्ये १० सेंटिमीटरचा काळा ठिपका काढा. प्रत्येक बाराला नवा कागद. हा नियम मोडलात तर मोजणी शक्यच नाही.

अंतर पायांनी नाही, टेपने मोजा. साडेछत्तीस मीटर हे तुलनेचं अंतर. त्याशिवाय तुमची बंदूक प्रत्यक्षात ज्या अंतरावर वापरली जाते तेही घ्या, १५ किंवा २० मीटर. माझ्या मते दुसरा आकडा जास्त कामाचा आहे. पहिला फक्त इतरांच्या आकड्यांशी जुळवायला लागतो.

बसून, कोपर टेकवून, ठिपक्यावर नेम धरून बार काढा. एका नळीतून, एका काडतुसाचे किमान पाच बार. दोन-तीन कागदांवरून मत बनवू नका. एकाच पेटीतली काडतुसं एकेका बाराला बरीच वेगळी वागतात, आणि पहिल्या दोन कागदांनी जे वाटतं ते पाचव्याने बऱ्याचदा खोटं ठरतं. कागदाच्या मागे नळी, काडतूस, अंतर आणि बाराचा क्रमांक लगेच लिहा.

वर्तुळ बार काढल्यानंतर काढायचं, आधी नाही. भोकं जिथे सर्वांत दाट आहेत तो मध्य नजरेने ठरवा, दोरीला पेन्सिल बांधून ३८ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ फिरवा. ठिपक्याभोवती वर्तुळ काढलं तर तुमच्या नेमाची परीक्षा होते, नळीची होत नाही. मग आतली भोकं मोजा, मोजलेल्यावर पेनची खूण करत जा. पाचही आकड्यांची सरासरी घ्या.

काडतुसात छर्रे किती, हे कळायला ते फोडायची गरज नाही आणि फोडूही नये. वजनावरून काढा. आपल्याकडच्या ब्रिटिश पद्धतीत एका औंसात (२८.३५ ग्रॅम) बीबीचे ७०, चार नंबरचे १७०, पाचचे २२०, सहाचे २७०, सातचे ३४० छर्रे. ३२ ग्रॅम म्हणजे सव्वा नाही, एक पूर्णांक एक-अष्टमांश औंस, म्हणून सहा नंबरचे ३०४. समजा वर्तुळात सरासरी १८२ आली, तर ६० टक्के, हाफ चोक. अमेरिकन व्हिडिओतले नंबर इथे लावू नका. त्यांचा सहा नंबर २.८ मिलिमीटरचा, आपल्यापेक्षा जाड, आणि त्यामुळे मोजणीला कमी.

पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची 'शक्तिमान' काडतुसं आपल्याकडे सर्वत्र चालतात, तेव्हा सुरुवात त्यांनीच करा. दुसऱ्या कुठल्या ब्रँडशी तुलना करायची तर नंबर आणि वजन तेच ठेवा, फक्त ब्रँड बदला. लांबीची तुलना करायची असेल तर त्याहून अवघड. दोन बंदुका हव्यात, चोक सारखा, काडतूस एकाच पेटीतलं, आणि लांबी तेवढी वेगळी. दुनळीच्या दोन नळ्यांची तुलना म्हणजे चोकची तुलना, कारण लांबी दोन्हींची एकच.

परदेशातल्या रेंजवर कुणी फोर-टेनचा रिव्हॉल्व्हर तपासणार असेल तर पद्धत हीच, अंतरं मात्र ३, ५ आणि ७ मीटर. तिथे ७६ सेंटिमीटरचं वर्तुळ निरर्थक ठरतं. सगळ्यांत बाहेरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजा, आणि मधल्या १५ सेंटिमीटरच्या वर्तुळात किती बसले ते वेगळं लिहा. दुसरा आकडा पहिल्याहून बोलका आहे, कारण कड्याचा मध्य किती रिकामा आहे ते तोच सांगतो. मोठे छर्रे, तीन किंवा चार ट्रिपल-झिरो या जाड मापाचे, वाडमध्ये एकावर एक ओळीने बसतात, म्हणून मध्याच्या जवळ असतात आणि फिरकीने कमी फेकले जातात. बारीक छर्रे भिंतीलगतही असतात, ते जास्त फेकले जातात. हँडगनसाठी खास बांधलेली काडतुसं याच तत्त्वावर बनतात.

कागद वाचणं

टक्केवारी मिळाली म्हणून कागद गुंडाळू नका. वर्तुळाचे मनानेच आठ भाग करा आणि भोकं सर्वत्र सारखी आहेत का ते बघा. ६० टक्के असूनही हाताच्या तळव्याएवढी रिकामी जागा वारंवार दिसत असेल तर ते काडतूस त्या नळीला मानवत नाही. एकाच बाजूला सतत विरळ दिसत असेल तर नळीच्या तोंडाशी ठोका किंवा चेप शोधा. जुन्या बंदुका गडग्यावरून उतरताना दगडावर आपटलेल्या असतात.

तीन-चार भोकं एकमेकांना चिकटून आली, तर छर्रे वितळून किंवा दबून जुळलेत. जुन्या, दमट जागी ठेवलेल्या काडतुसांत हे दिसतं. मोठं फाटकं भोक वाडचं असतं, ते मोजू नका. वाड वीस मीटरवर कागदाच्या मध्यातून जात असेल तर ती छर्ऱ्यांच्या मागोमाग चाललीय.

पाचही कागदांवर दाट मध्य ठिपक्यापासून एकाच दिशेला सरकलेला असेल तर दोष कुंद्याच्या मापाचा किंवा तुमच्या गाल टेकवण्याचा, पसाऱ्याचा नाही. तो वेगळा सुधारायचा. दुनळीच्या दोन नळ्या दोन वेगळ्या जागी मारत असतील तर तो कारखान्याचा किंवा सांध्याचा दोष, घरी उपाय नाही, परवानाधारक गनस्मिथकडे न्या.

आणि कडं? आपल्या गुळगुळीत नळीतून कड्याचा आकार आला तर बहुधा चोक फार आवळलेला आणि काडतूस फार जोराचं. रिव्हॉल्व्हरसारखी फिरकीची कारणं इथे नसतात.

आकड्यांचा उपयोग

क्ले-पाटीसाठी नळी निवडताना हे आकडे थेट कामाला येतात. स्कीट आणि ट्रॅप हे पाटी-नेमबाजीचे दोन प्रकार. स्कीटमध्ये पाट्या जवळून जातात, तिथे मोकळी नळी बरी. ट्रॅपमध्ये लांब जातात, तिथे हाफ किंवा फुल. शेतीसंरक्षणासाठी कागदाचा पहिला उपयोग मर्यादा समजायला होतो. रानडुकराच्या बाबतीतसुद्धा वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बार काढता येत नाही. वानर, माकड, गवा, मोर यांचा तर विचारच नको. लेखी परवानगी मिळाली तर ज्या अंतरापलीकडे तुमचा पसारा विरळ होतो, त्यापलीकडून बार काढू नये. जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरलेलं डुक्कर उद्या सकाळी गवत कापायला गेलेल्या बाईवर धावतं. सापांवर छर्रे मारायची कल्पनाही त्या व्हिडिओंतूनच इथे आलीय. आपल्याकडे साप मारणं गुन्हा आहे, आणि अंगणात जांभ्यावर छर्रा मारणं माणसांनाच धोक्याचं. सर्पमित्राला फोन करा.

त्याच दिवशी नळी साफ

खाऱ्या हवेत रात्रभर न पुसलेली नळी म्हणजे खड्ड्यांची सुरुवात. आधी पितळी ब्रश, मग सॉल्व्हंटची चिंधी, मग कोरडी, शेवटी तेलाची पातळ चिंधी. चोकच्या जागी शिसं आणि प्लॅस्टिक जास्त चिकटतं, तिथे ब्रश दहा-बारा वेळा फिरवा. चोकमध्ये साठलेला थर पुढच्या चाचणीचे आकडे बदलतो. बंदूक चामड्याच्या किंवा कापडी म्यानात ठेवून देऊ नका, ते ओल धरतं. कुलूपबंद कपाटात मोकळी ठेवा, सिलिका जेलच्या पुड्यांसह, आणि श्रावणात दर आठवड्याला पुसा. काडतुसं वेगळ्या कुलपात, हवाबंद डब्यात.

कागद घडी घालून वहीबरोबर ठेवा. काडतुसाची बॅच बदलली की त्याच नळीचे, त्याच अंतरावरचे पाच कागद पुन्हा काढा, आणि जुन्यांच्या शेजारी पसरून ताडून बघा.